इंजिन खोलण्याआधी गेज लावा

भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मे महिन्याच्या दुपारी जुनी गाडी चालवणाऱ्यांच्या ओळखीचा एक लाल दिवा असतो. गाडी वेगात असेपर्यंत सगळं ठीक चालतं. कुठे कोंडीत थांबली, इंजिन आयडलिंगवर आलं, की डॅशबोर्डवरची तेलाच्या बुधलीची खूण लुकलुकायला लागते. ॲक्सिलरेटर दाबला की विझते. मग गाडी गॅरेजात जाते, मिस्त्री बोनेट उघडून कान लावतो आणि सांगतो, ‘इंजिन काम निघालं भाऊ.’

हे निदान अनेकदा खरंही ठरतं. तक्रार एवढीच की ते काहीही न मोजता केलेलं असतं. पावसाळ्यात कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगेची पातळी किती मीटर झाली, हे मोजूनच प्रशासन गावं हलवायची की नाही ते ठरवतं. नुसतं पाणी गढूळ दिसतं म्हणून कोणी गाव रिकामं करत नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र नुसत्या दिव्यावर आणि आवाजावर हजारोंचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो.

एमएच-३६ पाटीच्या जुन्या गाड्या भंडारा जिल्ह्यात हौसेने ठेवलेल्या नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली, तरी पवनी-लाखांदूरच्या गावांतून ती अजून दवाखाना, बाजार, लग्नकार्य करते. ओमनी, सुमो, कमांडर यांचंही तसंच. त्यात पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. धानाच्या पैशावर घर चालवणाऱ्याला याच्यावर आणखी एक नको असलेलं इंजिन काम परवडत नाही.

मुळात ऑइल पंप फक्त तेल ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या फटींतून ते तेल जाताना जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर तयार होतं. बेअरिंग झिजलं, फट वाढली, की तेल सहज निसटतं आणि प्रेशर पडतं. तेल तापून पातळ झालं तरी हेच होतं. म्हणून उन्हाळ्यात, गरम इंजिनावर, आयडलिंगलाच दिवा पेटतो. पण हा दिवा किती प्रेशर आहे ते सांगत नाही. इंजिनावरचा छोटा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली प्रेशर गेलं की जोडणी करतो, एवढंच त्याचं काम. तो स्विच स्वतः बिघडला किंवा त्याची वायर कुठे बॉडीला टेकली, तरी दिवा तसाच पेटतो. उलट चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, दिवा पेटलाच नाही तर बल्ब किंवा वायर गेलेली आहे. ती गाडी जास्त धोक्याची, कारण ती वेळेवर बोलणारच नाही.

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून पाहायची. तेल कमी असेल तर प्रश्न तिथेच सापडला. पातळी वर गेली असेल आणि काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरत असण्याची शक्यता मोठी. तिथे पंप बदलून तेल-फिल्टर नवं घातलं की काम होतं आणि इंजिन खोलावं लागत नाही. तेल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलेलं आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुरात भंडाऱ्याच्या वस्त्यांत पाणी घुसलं होतं, हे कोणी विसरलेलं नाही. पुरात बुडालेली गाडी तेल न बदलता सुरू करणं म्हणजे चांगली बेअरिंग आपल्या हाताने खराब करणं.

यानंतर गेज. स्विच काढायचा, त्याच जागी मेकॅनिकल गेजची नळी बसवायची, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवायचं आणि काटा पाहायचा. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. तो नसेल तर गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा ठोकताळा वापरतात. काटा खरं बोलतो तो त्याच्या हालचालीतून. आकडे पुस्तिकेप्रमाणे आले तर दोष स्विचचा किंवा वायरचा. थंड असताना चांगला आणि गरम झाल्यावर फक्त आयडलिंगला पडतो, तर तेल पातळ आहे किंवा बेअरिंग झिजलं आहे. सगळ्याच वेगांवर कमी राहतो, तर पंप झिजला असेल किंवा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल. आयडलिंगला ठीक असून वेग वाढवला की खाली येतो, तर बहुधा इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमधली जाळी तुंबली आहे. वर्षानुवर्षं उशिरा तेल बदललेल्या गाडीचा चेंबर उतरवला की त्या जाळीवर डांबरासारखा काळा चिखल दिसतो. तिला धुऊन, पॅकिंग नवं घालून चेंबर परत लावता येतो.

या सगळ्याला अर्धा दिवस पुरतो. गेजचा साधा संच दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. तरी बऱ्याच गॅरेजात तो नसतो आणि त्याचा दोष एकट्या मिस्त्रीला देणं अन्यायाचं आहे. तो उस्तादाच्या हाताखाली कानाने शिकला, ग्राहकानेही त्याला तपासणीचे पैसे कधी दिले नाहीत. खोलल्याशिवाय मजुरी मिळत नसेल तर तो खोलणारच. याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून उभा आहे, जिल्ह्यातल्या आयटीआयमधून मुलं हा धंदा शिकून बाहेर पडतात. मोजून काम करणं इथे परकं नाही. आयटीआयच्या प्रत्येक तुकडीने गेज स्वतःच्या हाताने लावून, गरम इंजिनावर आकडे लिहून काढलेच पाहिजेत.

एक सवय मात्र ठामपणे मोडायला हवी. दिवा लागतो म्हणून पुस्तिकेबाहेरचं जाड तेल ओतायचं आणि गाडी विकून टाकायची. जाड तेलाने काटा वर येतो, झीज तशीच राहते, आणि सकाळी थंड इंजिनात ते तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं. त्याची किंमत गाडी विकत घेणारं पुढचं कुटुंब मोजतं.

चालत्या गाडीत दिवा लागून राहिला, तर इंजिन तिथेच बंद करावं आणि गाडी टो करून न्यावी. गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी. आणि गॅरेजात पोचल्यावर तपासणीचे वेगळे पैसे द्यायची तयारी दाखवून ग्राहकाने दोन आकडे बिलाच्या पाठीवर लिहून मागावेत: गरम इंजिनाचं आयडलिंगचं प्रेशर आणि दोन हजार आरपीएमचं. ते हातात आल्यावरच इंजिन खोलायचं की नाही, याची बोलणी सुरू करावीत.