वस्त्राचे शिल्प

आपल्या सुरतेत कापडाची परीक्षा मीटर, वजन आणि भाव यांवर होते. ते योग्यच आहे. शहराचे पोट त्यावर चालते. परंतु कापडाला उठाव आणि घडण देऊन त्यातून शिल्पही निर्माण करता येते, हे आपल्या मुलांस कोणी सांगत नाही. ते सांगितले जावे, असे आमचे मत आहे.

कापड आणि रबर यांचा संयोग जुना आहे. चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारे वस्त्र सिद्ध केले. त्याचे प्रयोजन पावसापासून रक्षण एवढेच होते. कलावंतांनी त्याच द्रव्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. इव्हा हेस यांनी १९६९ साली विरळ सुती कापडावर रबराचा चीक चढवून, त्यास काचतंतूंची जोड देऊन, छतापासून लोंबणारी शिल्पे घडविली. आपल्या शेजारी, बडोद्यास शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी तर रंगविलेल्या दोऱ्यांना केवळ गाठी मारून भव्य आकृती उभ्या केल्या.

कोणी म्हणेल, रबर टिकत नाही. खरे आहे. ते कालांतराने पिवळे पडते, ताठरते, तडकते. हेस यांच्या कृतीही त्यातून सुटल्या नाहीत. पण विद्यार्थ्याने केलेली वस्तू चिरकाल टिकावी हा हेतूच नव्हे. वस्तू जाईल, हाताला आलेले वळण राहील.

यास खर्चही नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापावी, ती ताणून धरून तिच्यावर कापडाची चिंधी शिवावी आणि ताण सोडावा. रबर आकसते, कापड आकसत नाही. म्हणून त्यावर लाटा उठतात. टाक्यांची जागा बदलली की लाटांचे रूप बदलते. येथे पदार्थविज्ञान आणि कला एकाच पट्टीवर भेटतात.

खानदेशातून येऊन येथील मागांवर राबणारी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांच्या मुलांना कापडाचा स्पर्श उपजत ठाऊक असतो. तरीही परीक्षा जवळ आली की पहिला बळी हस्तकलेच्या तासाचा जातो, आणि घरच्या विद्येला शाळेत मान नाही, असे मूल मनाशी समजते. ही हानी गुणपत्रिकेत दिसत नाही. आठवड्यातील तो एक तास शिक्षकांनी राखावा आणि पालकांनी तो मागून घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.