खंजिरीची शाळा

सिनेमाचें गाणें मुलांस तत्काळ पाठ होतें, धडा मात्र होत नाहीं, अशी वडील मंडळींची तक्रार असते. परंतु दोष गाण्याचा नव्हे. अमरावती जिल्ह्यांतील यावलीचे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनीं खंजिरीवर भजनें गाऊन खेड्यापाड्यांत देशभक्ति जागविली; १९४२ सालीं त्यांस तुरुंगवास घडला. ह्याच जिल्ह्यांत जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनांत श्रोत्यांसच प्रश्न विचारीत व विद्येचें महत्त्व पटवीत. शाळेचा लाभ दोघांसही फारसा झाला नाहीं. तरी आज नागपूर व अमरावती येथील विद्यापीठें अनुक्रमें त्यांच्याच नांवांनीं ओळखलीं जातात. म्हणून पालकांनीं गाणें बंद करूं नये. विद्यार्थ्यांनीं मात्र ऐकलेल्या गाण्यास एक तरी प्रश्न विचारावा.