चासी एकाची, अंग दुसऱ्याचं

साखळीहून होंड्याच्या रस्त्याला लागलं की कधी कधी एक विचित्र वाहन समोरून येतं. चाकं आहेत, इंजिन आहे, स्टिअरिंग आहे, आणि बाकी काही नाही. छप्पर नाही, दारं नाहीत, समोरची काच नाही. ड्रायव्हर उघड्यावर बसून वारा खात चाललेला. लहान मुलं ते पाहून हसतात. ती बसची चासी. सत्तरीत होंडा-भुईपाल इथे ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही १९८० साली स्थापन झालेली कंपनी बसच्या बॉड्या बांधते. चासी टाटांची, बॉडी आपल्या होंड्याची.

या खेपेला लिहायचंय ते एका इंग्रजी गाडीबद्दल, पण तिच्याकडे जाणारी वाट याच रस्त्यावरून जाते. कारण दुसऱ्या महायुद्धापूर्वी श्रीमंतांच्या गाड्या अशाच बनत. रोल्स-रॉइस किंवा बेंटली तुम्हाला चासी, इंजिन आणि पुढचा रेडिएटर देई. तो घेऊन तुम्ही कोचबिल्डरकडे जायचं, जसं कापड घेऊन शिंप्याकडे जातात तसं. तो माप घेई, चित्र काढून दाखवी, मग ॲश लाकडाचा सांगाडा उभा करून त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवी. यातल्या जुन्या पेढ्या मूळच्या घोडागाड्या बांधणाऱ्या. ‘कूपे’ हा शब्दसुद्धा घोडागाडीचाच. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘कापलेली’. मोठ्या बग्गीचा अर्धा भाग छाटून दोघांपुरती केलेली गाडी.

अशा गाड्यांतली सगळ्यात गाजलेली म्हणजे ‘ब्लू ट्रेन’ बेंटली. बेंटली कंपनीचा अध्यक्ष वूल्फ बर्नाटो हा स्वतः कसलेला रेसर, १९२८, १९२९ आणि १९३० अशी सलग तीन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेला. मार्च १९३० मध्ये त्याने पैज लावली की फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कानहून निघून, ब्लू ट्रेन कॅलेला पोचण्याआधी आपण लंडनच्या क्लबात असू. मध्ये खाडी, ती बोटीने ओलांडायची. रात्रभर पावसाधुक्यातून गाडी हाकून तो पोचला, आणि चार मिनिटांनी जिंकला.

त्याच्याकडे साडेसहा लिटरच्या, सहा सिलिंडरांच्या स्पीड सिक्स चासीवर गर्नी नटिंग या कोचबिल्डरने बांधलेली एक कूपे होती. छप्पर इतकं खाली की खिडक्या किल्ल्याच्या जंग्यांसारख्या अरुंद. मागे एकच आसन, तेही आडवं. अशी दुसरी गाडी त्यांनी बांधली नाही. वर्षानुवर्षं लोक समजत होते की पैज याच गाडीने जिंकली. टेरेन्स क्युनिओ या चित्रकाराने आगगाडीशेजारी धावताना हीच रंगवली. प्रत्यक्षात ती बर्नाटोच्या हाती आली मे महिन्यात! मार्चमध्ये त्याने हाकली ती एच. जे. मुलिनर यांनी बांधलेली साधी चार दारांची सलून. चासी तीच स्पीड सिक्स, पण अंग वेगळं. नाव मात्र देखण्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

हेच गर्नी नटिंग आपल्या ओळखीचे निघतात ते इंदूरमुळे. यशवंतराव होळकर दुसरे, ज्यांनी माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतला, त्यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेहून ड्यूसेनबर्गची चासी मागवली आणि तिला कपडे शिवून घेतले लंडनच्या गर्नी नटिंगकडे. होळकरांची चोखंदळ नजर गाड्यांतही दिसते.

आता खरा पेच. लाकडाच्या सांगाड्याला कोकण-गोव्यासारख्या हवेत पावसाळे सोसत नाहीत. पत्र्याच्या आत पाणी मुरतं आणि बाहेरून सगळं ठाकठीक दिसत असताना आत लाकूड कुजतं. दार उघडलं की ते खाली ओघळतं, तेव्हा कळतं. ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे खारी, दमट हवा दोघांच्या सांध्यालाच खाते. दुरुस्ती करायची तर पत्रा उतरवून, कुजलेला प्रत्येक तुकडा माप म्हणून ठेवून, तसाच नवा घडवावा लागतो. भाच्याला हे सांगत होतो, तर तो म्हणाला, “मामा, लाकूड नवं, रंग नवा, चामडं नवं, मग जुनं राहिलं काय?” मी म्हटलं, चासीवरचा नंबर, इंजिन आणि रेषा. त्याचं पूर्ण समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही. म्हणूनच मला आरशासारखी चकाकणारी गाडी फारशी भावत नाही. सुरकुतलेलं का होईना, मूळचं चामडं ठेवलेली गाडी मी जास्त वेळ पाहत उभा राहतो.

कायदाही याच प्रश्नाशी येऊन थांबतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आपल्याकडे जुन्या मोठ्या गाडीचं पेट्रोल इंजिन काढून स्वस्त पडतं म्हणून डिझेल बसवायची पद्धत होती. तेव्हा वाचलेले पैसे इथे आडवे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने फिरवताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

तेव्हा कुणाच्या आजोबांच्या घरी ताडपत्रीखाली काही झाकलेलं असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, चासी आणि इंजिनाचे नंबर उतरवून घ्या, जुनं पुस्तक शोधा. आणि सुट्टीत गोव्यात आलात तर मडगावच्या वाटेवर नुव्याला ‘अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड’ आहे. तिथे जुन्या गाड्या जवळून पाहता येतात. सेल्फी झाला की जरा वाकून गाडीच्या खालीही बघा.