नाक्यावरचा माणूस

चोरटा व्यापार म्हटला की डोळ्यांपुढे समुद्रकिनारा उभा राहतो; अंधारी रात्र, किनाऱ्यास लागलेली होडी आणि वाळूवर उतरविल्या जाणाऱ्या सोन्याच्या लगडी. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील मनुष्याने या विषयावर काय लिहावे, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. परंतु आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते, आणि जिच्या पात्रातून उन्हाळ्यात बैलगाडी सहज पार होते अशी सीमा चोरट्या व्यापारास समुद्राहूनही सोयीची असते.

या सीमेचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, तरी नावापुरते स्वामित्व निजामाचेच राहिले. म्हणजे नदीच्या अलीकडचा मुलूख कागदोपत्री निजामाचा आणि पलीकडचा प्रत्यक्ष निजामाचा. असे असूनही पलीकडे माल नेताच करोडगिरीचा नाका आडवा येई. करोडगिरी म्हणजे निजामी राज्याची जकात. ती लोकांच्या डोळ्यांत किती सलत होती, हे हैदराबाद मुक्तिसंग्रामात दिसून आले. त्या लढ्यात ठिकठिकाणी हे नाके जाळण्यात आले, आणि जाळणाऱ्यांस लोकांनी देशभक्त म्हणून डोक्यावर घेतले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. नाका उठला, पण नाक्याविषयीची लोकांची ती जुनी भावना काही उठली नाही.

कारण पुढे पंचवीस वर्षांच्या आतच तेथे दुसरा नाका आला, आणि तो आपल्याच सरकारचा होता. १९७१ साली कायदा होऊन १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या लहरीतून शेतकऱ्यास सोडवावे हा हेतू उत्तमच होता. परंतु शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी केंद्राखेरीज कोठेही विकू नये, राज्याबाहेर तर नेऊच नये, असा त्याबरोबर निर्बंध आला. पलीकडे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, असे बंधन नव्हते. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्या वर्षी आदिलाबादच्या बाजारात भाव चढा असे, त्या वर्षी इकडचा कापूस रात्री नदी ओलांडी. ज्या वर्षी आमच्याकडील हमीभाव वरचढ ठरे, त्या वर्षी पलीकडचा कापूस इकडे येऊन येथल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर विकला जाई. त्यातून इकडे पैसे हप्त्याहप्त्याने मिळत, तर तिकडे रोख. कापूस तोच, नदी तीच; दोन तीरांवरच्या भावांत अंतर पडले की वाट आपोआप तयार होते.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ त्या काळी अशा एका नाक्यावर नोकरीस होते. आता ते पुष्कळ थकले आहेत. कापसाच्या हंगामात त्यांच्या रात्री कंदिलाच्या उजेडात गाड्या तपासण्यात जात. ते सांगतात, "अहो, मालमोटार अडवली की तिच्यामागे कोणाचा तरी निरोप यायचा. बैलगाडी अडवली की गाडीवान नुसता पायाशी बसायचा." मालमोटारी त्यांनी सोडल्या नाहीत; त्यापायी दोनदा बदली पत्करली. बैलगाड्या मात्र पुष्कळदा सोडल्या, आणि त्यांबद्दल एक पैसाही घेतला नाही. "पण कायदा तर दोघांनाही एकच होता ना?" असे आम्ही एकदा विचारले. त्यावर ते म्हणाले, "एकच होता. म्हणूनच झोप लागत नसे." हे उत्तर आम्हांस पुरते पटले नाही, आणि खोडूनही काढता आले नाही. त्यांच्या सोबत्यांचा हिशेब मात्र सोपा होता. त्यांनी गाडीलाही दर ठरविला होता आणि मालमोटारीलाही; आणि त्यांस झोप उत्तम लागत असे. या शतकाच्या आरंभी ती मक्तेदारी सैल होऊन पुढे संपली, आणि त्या नाक्यांचे कामही उरले नाही.

कापूस इकडचा तिकडे गेला म्हणून कोणाचा जीव गेला नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु पैसे घेऊन वाट मोकळी करणाऱ्यास गाडीत काय आहे हे पाहण्याची सवय राहत नाही, आणि हीच यातली भयंकर गोष्ट आहे. ९ जानेवारी १९९३ रोजी रायगड जिल्ह्यात दिघी येथे शस्त्रे उतरली. त्या मालाच्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविल्या होत्या. पहारा झोपलेला नव्हता, हे लक्षात घ्यावे. सौदा सात लाखांवर ठरला. तेवढी रोकड जवळ नव्हती, म्हणून चांदीच्या पाच विटा तारण ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. पुढच्याच महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. १२ मार्च रोजी मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसे मेली. या खटल्यात पोलिसांबरोबर सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३ साली लागला.

त्याच खात्याचा, त्याच काळातला दुसरा मनुष्य म्हणजे गोव्याचे कोस्टाव फर्नांडिस. १६ मे १९९१ रोजी चोरट्या सोन्याची खबर लागताच त्यांनी ते नेणाऱ्या मोटारीचा आपल्या मोटारसायकलवरून एकट्याने पाठलाग केला. झटापट झाली, त्यांच्यावर सुऱ्याचे वार झाले, आणि मोटारीतला मनुष्य प्राणास मुकला. तो एका बड्या राजकीय पुढाऱ्याचा भाऊ होता. सोने नाहीसे झाले, आणि खुनाचा आरोप फर्नांडिसांवर आला. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल त्यांच्यावर असा खटला चालविता येत नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून मिळण्यास १९९६ साल उजाडले. २०२५ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा त्यांचे नाव पुष्कळांस प्रथमच कळले. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. आरोपाची ती पाच वर्षे दिवसादिवसाने काढावी लागली असतील, याचा विचार बघणाऱ्यांपैकी किती जणांनी केला असेल कोण जाणे.

पैनगंगेवर आजही काही फार निराळे नाही. परवानगी नसलेले कपाशीचे बियाणे पेरणीच्या तोंडावर पलीकडून येते. त्याची पावती नसते. म्हणून ते उगवले नाही तर दाद मागावयास जागाही नसते. पाकिटे कोणत्या वाटेने येतात, हे गावात सर्वांस ठाऊक असते.

आणि आपण सुशिक्षित घरांतील माणसे या सगळ्यापासून दूर आहोत, असेही नव्हे. मुलीसाठी स्थळ पाहताना पगाराचा आकडा विचारून झाल्यावर आवाज जरा उतरवून "आणि वर?" असे विचारणारे वडीलधारे आम्ही आमच्याच घरांत पाहिले आहेत. आमच्या त्या नाक्यावरच्या गृहस्थांसही ऐन तारुण्यात हा प्रश्न आला होता. मुलीचे काका सरकारी नोकरीतले, मोठे अनुभवी. "पगार ठीक आहे," ते म्हणाले, "पण वर काय?"

"वर कौले आहेत," हे म्हणाले, "आणि तीही पावसाळ्यात गळतात."

ते स्थळ अर्थातच मोडले. पुढे ज्या घरी त्यांचे लग्न जमले, त्या घरच्यांनी फक्त बदल्या किती वेळा होतात एवढेच विचारले होते.