राजकोटाच्या आठवणींची नोंद राजकोटावरच व्हावी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सिंधुदुर्ग जिल्हा, सिंधुदुर्गनगरी (ओरोस)

विषय : मालवण येथील राजकोट किल्ला व छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा यांविषयीच्या स्थानिक आठवणींची शासकीय नोंद करणे, त्यांचे कायमस्वरूपी दालन उभारणे आणि पुतळ्याच्या देखभालीची माहिती जाहीर करणेबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे मेढा, राजकोट, दांडी, वायरी, धुरीवाडा, देऊळवाडा आणि भरड या भागांतील रहिवासी आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत. आमच्यात होडी व्यावसायिक आहेत, रापणकर आहेत, बाजारपेठेतले दुकानदार, शिक्षक आणि निवृत्त कर्मचारीही आहेत. आमचे पक्ष आणि मते वेगवेगळी आहेत; या मागणीवर मात्र आमचे एकमत आहे.

राजकोटावर आज महाराजांचा ६० फुटी ब्राँझचा पुतळा उभा आहे. ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार आणि त्यांचे पुत्र अनिल सुतार यांच्या शिल्पशाळेने तो घडवला. त्याआधी याच जागेवर दुसरा पुतळा होता. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. म्हणजे पुरते नऊ महिनेही तो उभा राहिला नाही. दीड वर्षाच्या आत एका गावाने एकाच जागी आनंद, धक्का, शरम, संताप आणि पुन्हा आनंद हे सगळे पाहिले. हा अनुभव आज फक्त माणसांच्या बोलण्यात आहे आणि बोलणे माणसांबरोबर जाते. म्हणून हे निवेदन.

पुतळा येण्यापूर्वीचा राजकोट आज कोणाला सांगायचा म्हटले तर दाखवायला काही उरलेले नाही. तटबंदीचे मोजके अवशेष, काळा खडक, वाळत घातलेली जाळी, ऊन देऊन सुकवलेली मासळी आणि समोर पाण्यात सिंधुदुर्ग, एवढाच तो होता. मेढ्यातली मुले या खडकांवर बसून गळ टाकायला शिकली. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा समुद्राचा रंग बघायला वडीलधारी माणसे इथेच येऊन उभी राहत. फलक नव्हता, कुंपण नव्हते, तिकीट तर नव्हतेच. तरीही हा किल्ला आहे, महाराजांच्या जलदुर्गाचा पाठीराखा आहे, हे मालवणातल्या प्रत्येक पोराला घरात सांगितले जात असे. सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि कोळंबच्या खाडीकडचा सर्जेकोट ही एकमेकांना धरून असलेली साखळी आहे, हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी होडीत बसून शिकलो.

२०२३ च्या दिवाळीच्या आसपास हा परिसर पार बदलला. रस्ते झाले, नवी तटबंदी उभी राहिली, चौथरा बांधला गेला. नौदल दिनाला तारकर्लीच्या समुद्रात युद्धनौका आल्या, तेव्हा मालवणकरांनी घरांच्या गच्च्यांवरून, माडांच्या बागांतून, जिथे जागा मिळेल तिथून तो सोहळा पाहिला. आपल्या बंदराचा, आपल्या राजाच्या आरमाराचा मान देश करतो आहे, ही भावना खोटी नव्हती. पुढे जे झाले त्यामुळे त्या दिवसाचा आनंद विसरावा असे आम्हांला वाटत नाही.

२६ ऑगस्ट २०२४ हा श्रावणी सोमवार होता आणि त्याच दिवशी गोकुळाष्टमी होती. देऊळवाड्यात रामेश्वराच्या दर्शनाची वर्दळ, घराघरांत अष्टमीचा उपास, दुसऱ्या दिवशीच्या दहीकाल्याची तयारी. दुपारी बातमी आली. अनेकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. जे धावत राजकोटावर गेले त्यांनी जे पाहिले ते आजही नीट सांगता येत नाही. चौथऱ्यावर पावलांपाशी तुटलेला भाग उरला होता आणि बाकी सारे खाली पडले होते. त्या संध्याकाळी किती घरांत चूल पेटली नाही याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण ती संध्याकाळ ज्यांनी पाहिली ते आज हयात आहेत. नंतरच्या दोनच दिवसांत राजकोटावर राजकीय कार्यकर्ते समोरासमोर आले, घोषणाबाजी आणि दगडफेक झाली. महाराजांच्या पायाशी असे घडावे, याचे दुःख मालवणकरांना पुतळा पडल्याच्या दुःखाइतकेच झाले. ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांनी जाहीर क्षमा मागितली. तीही या जागेच्या इतिहासाचा भाग आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नव्या पुतळ्याने जुनी घटना पुसली जाऊ नये. ज्या गावाला हे सोसावे लागले, त्या गावाच्या तोंडून ती पुढच्या पिढीला कळावी.

त्यासाठी आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी, की राजकोट परिसरात एक लहान स्मृतिदालन उभारावे आणि त्याआधी, विलंब न लावता, आठवणींचे ध्वनिमुद्रण सुरू करावे. हे काम मालवणीत व्हावे. प्रमाण मराठीत लिहून घेतलेली आठवण आणि माणसाने आपल्या बोलीत सांगितलेली आठवण यांत फार अंतर पडते. चौथऱ्याचे काम करणारे मजूर, बंदोबस्ताला असलेले होमगार्ड, किल्ल्यावर पर्यटकांना नेणारे होडीवाले, मासळी सुकवणाऱ्या बायका, शाळेच्या सहलीने आलेली मुले, सगळ्यांचे बोलणे घ्यावे. स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडे हे काम सोपवता येईल. ध्वनिमुद्रणाच्या प्रती नगर वाचन मंदिर आणि जिल्हा प्रशासन, दोन्ही ठिकाणी राहाव्यात. घरोघरच्या जुन्या छायाचित्रांच्याही प्रती काढून घ्याव्यात. सिंधुदुर्ग किल्ल्यातला दोन फांद्यांचा माड सगळ्या महाराष्ट्राने पाहिला होता. तो माड आता नाही. आज तो फक्त जुन्या फोटोंत आणि तो पाहिलेल्यांच्या डोळ्यांत आहे. राजकोटाचे तसे होऊ नये.

याच दालनात पहिल्या पुतळ्याची पूर्ण हकिकत मांडावी : अनावरणाचा दिवस, कोसळण्याचा दिवस, चौकशीत निघालेले तांत्रिक निष्कर्ष, नव्या पुतळ्याच्या रचनेत त्यानुसार केलेले बदल. न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण झाल्यावर पहिल्या पुतळ्याचा एखादा अवशेष मानाने तिथे ठेवता येईल का, याचाही विचार व्हावा. कोणाला खाली दाखवण्यासाठी आम्ही हे मागत नाही. समुद्राकाठी, खाऱ्या वाऱ्यात एवढे मोठे काम करताना काय चुकते, हे पुढच्या अभियंत्यांना आणि शिल्पकारांना शिकायचे असेल तर याहून योग्य जागा नाही.

दुसरी मागणी देखभालीची. नव्या पुतळ्याच्या निविदेत दहा वर्षांच्या देखभालीची अट होती. तरीही जून २०२५ मध्ये, लोकार्पणाला महिना होतो न होतो तोच, पहिल्या पावसात चौथऱ्याभोवतीची जमीन खचली आणि दुरुस्ती करावी लागली. पुतळ्याला धोका नाही असे त्या वेळी सांगण्यात आले; आम्हांला त्यावर विश्वास ठेवायचा आहे. पण एकदा पोळलेल्या गावाला नुसत्या शब्दांवर झोप लागत नाही. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पुतळा, चौथरा व भराव यांची तज्ज्ञांकडून तपासणी करावी आणि तिचा अहवाल मराठीत, नगरपरिषदेच्या सूचना फलकावर लावावा.

तिसरी मागणी राजकोटाला त्याच्या भावंडांशी जोडण्याची. राजकोटावर येणारा पर्यटक फोटो काढून परत फिरतो. किनाऱ्यावरच मोरयाचा धोंडा आहे, गणपती, चंद्र-सूर्य आणि शिवलिंग कोरलेला तो खडक. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची मुहूर्तमेढ रोवताना महाराजांनी जिथे पूजा केली ते स्थान हेच, ही मालवणची परंपरा. तो खडक लाटा आणि दुर्लक्ष दोन्ही झेलतो आहे. समोर किल्ल्यात राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये उभारलेले शिवराजेश्वर मंदिर आहे. तिथली महाराजांची मूर्ती दाढीविना, नावाड्यासारखी टोपी घातलेली आहे. दर्यावर्दी प्रजेने आपला राजा आपल्यासारखा पाहिला, तो असा. राजकोटाचा भव्य पुतळा आणि ही छोटी मूर्ती दोन्ही पाहिल्याशिवाय मालवणचे शिवाजी महाराज कळत नाहीत. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. त्या निमित्ताने येणाऱ्या निधीतून मोरयाच्या धोंड्याचे संरक्षण आणि राजकोट, पद्मगड, सर्जेकोट यांची माहिती देणारे फलक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सल्ल्याने करावेत.

मेढ्याच्या मच्छीमारांची जाळी सुकवण्याची आणि होड्या ओढण्याची जागा वाहनतळ वा सुशोभीकरणात जाऊ नये, हेही इथेच नमूद करतो. राजकोट त्यांच्यामुळे जिवंत राहिला.

वरील मागण्यांवर निर्णय घेण्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, पुरातत्त्व विभाग, नगरपरिषद आणि ग्रामस्थांचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक येत्या नारळी पौर्णिमेपूर्वी मालवण येथेच बोलवावी आणि हे निवेदन मिळाल्यापासून ३० दिवसांत आम्हांस लेखी उत्तर द्यावे, ही नम्र विनंती. ध्वनिमुद्रणासाठी माणसे आणि जागा आम्ही देऊ. प्रशासनाने फक्त सुरुवात करावी. आठवणी सांगणाऱ्यांपैकी बरेच जण वयस्कर आहेत, तेव्हा कृपया उशीर करू नये.

आपले विनम्र,
मालवण शहर व परिसरातील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. मुख्याधिकारी, मालवण नगरपरिषद
मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग
मा. तहसीलदार, मालवण