पत कोणाची आणि ठरवायची कोणी?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण घराघरांत मोठ्या शहाणपणाने सांगितली जाते. पण एकाचे अंथरूण इतके तोकडे का आणि ते कापले कोणी, असे कुणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. व्यापारातील समजुतीही अशाच असतात. जुन्या झाल्या की सत्य वाटू लागतात. ‘गरिबाला पत नसते’ ही त्यांतलीच एक.

बांगलादेशात या समजुतीला एका प्राध्यापकाने हात घातला. १९७४ च्या दुष्काळानंतर चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणारे मुहम्मद युनूस शेजारच्या जोब्रा गावात फिरू लागले. तेथे बांबूची स्टुले विणणाऱ्या स्त्रिया व्यापाऱ्याकडून बांबूपुरते पैसे घेत आणि तयार माल त्याच्याच भावात त्यालाच विकत. १९७६ साली अशांची यादी झाली. ४२ माणसे आणि सर्वांचे मिळून कर्ज ८५६ टका! तेव्हाचे २७ डॉलरही नाहीत!

बँकेने विचारले, तारण काय? शेवटी युनूस स्वतः जामीन राहिले. पैसे परत आले. आम्ही वकिलीत तारणाचे कागद नेहमी पाहतो. ज्याच्याकडे आधीच आहे, तोच तारण देऊ शकतो. म्हणजे ऐपत असेल त्यालाच पत! हा न्याय म्हणायचा काय? १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. बिनतारण कर्ज, पाच-पाच जणांचे गट, बहुसंख्य कर्जदार स्त्रिया. २००६ मध्ये बँकेला आणि युनूस यांना शांततेचे नोबेल मिळाले.

मात्र बिनतारण कर्जाचाही पुढे धंदा झाला. आंध्र प्रदेशात एकेका घरावर अनेक कंपन्यांची कर्जे चढली, आठवड्याच्या वसुलीचा तगादा लागला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. ‘गरीब परतफेड करतोच’ ही नवी समजूत आता रूढ झाली होती. तो कशातून परतफेड करतो, हे विचारायचे राहून गेले.

म्हणून आमच्या भगिनींना आमचे सांगणे आहे. गटाच्या कर्जावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. व्याज वर्षाला किती? या पैशातून कमाई किती? एकीचा हप्ता चुकला तर भरणार कोण? असे विचारणारीला भांडखोर म्हणतील. खुशाल म्हणोत! उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.