आंबेगाव कुठाय?

दोस्तांनो, नकाशावर आंबेगाव तालुका आहे. त्याची कचेरी घोडेगावात आहे. मग खुद्द आंबेगाव कुठाय?

पाण्याखाली. घोड नदीवरचं डिंभे धरण २००० साली पुरं झालं, आणि ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं तेच गाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या आंबेगावचे अवशेष उघडे पडतात. काठावरचे महादेव कोळी मागं सरकलेल्या पाण्याच्या ओल्या गाळात पेरतात. आपल्याच बुडालेल्या जमिनीवर, चार महिन्यांपुरते.

धरणातलं पाणी डाव्या कालव्यानं जुन्नरच्या येडगाव धरणात जातं, तिथनं कुकडीच्या कालव्यानं पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. डिंभ्यात पाच मेगावॅट वीज होते, माणिकडोहला सहा. आता डिंभ्याचं पाणी बोगद्यानं माणिकडोहात न्यायचं भांडण पेटलंय. आंबेगावचे पुढारी म्हणतात, पाणी देणार नाय. नगरकडचे म्हणतात, घेतल्याशिवाय राहणार नाय. दोन्हीकडं ऊस, दोन्हीकडं बागायतदार. ज्यांच्या छातीवर हे पाणी साठलंय त्यांना विचारतो कोण?

आणि आपण? आपल्यातले काही म्हणतात, हा आदिवासींचा प्रश्न. वर ऐकवतात, बाबासाहेब तर धरणांच्या बाजूचे होते.

होते. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. दामोदर खोरं, हिराकूड यांच्या आखणीत त्यांचा हात होता. पूर अडावा, वीज व्हावी, गरिबाचं दैन्य फिटावं, हे त्यांना हवं होतं. पण त्याच माणसानं १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये लिहून दिलं की शेतजमीन सरकारच्या मालकीची करा, जातधर्म न बघता कसायला द्या, म्हणजे जमीनदार उरणार नाय, कूळ उरणार नाय, भूमिहीन मजूरही उरणार नाय. राज्यकर्त्यांनी धरण उचललं आणि हे कलम टाकून दिलं. आपणही अर्धाच बाबासाहेब वाचायचा काय?

जमिनीची वाटणी न करता धरण बांधलं की पाणी सातबाऱ्यामागनं चालतं. ज्याच्या नावावर सातबारा नाय, त्याच्या बांधाला पाणी नाय. कारण त्याला बांधच नाय. हा आपला प्रश्न नाय?

मी गिरणी कामगार. मुळशी विसरणं मला परवडत नाय. १९२१ साली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले. तरी धरण झालं. घाटमाथ्यावर पाणी अडवून टाटांनी केलेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. त्याच गिरण्यांच्या साचेखात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या थुंकीनं बाकीच्यांना विटाळ होई! पगार चांगला तिथंच, म्हणून १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. मावळ्याची जमीन गेली, आमच्या आज्याला साचा मिळाला नाय. वीज मात्र दोघांच्या नावावर ‘देशाची प्रगती’ झाली.

‘मग काय धरणं फोडायची?’ नाय. पाण्याची मालकी फोडायची. पुरंदरात विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं सत्तरच्या दशकात दाखवून दिलं : पाणी माणशी वाटायचं, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा, उसाला बंदी करायची. म्हणजे जमत नाय असं नाय. करायचं नाय, एवढंच.

महाडला १९२७ साली आपण तळ्यावर गेलो ते काय नुसती तहान भागवायला? पाण्यावर माणसाचा हक्क आहे, हे सांगायला गेलो. ते तळं ओंजळीचं होतं. हे कालव्याचं आहे.

तेव्हा यंदा डिंभ्याच्या काठावर जा. भाषण करायला नको, ऐकायला जा. कुणाची किती जमीन गेली, बदल्यात काय मिळालं, पाणी कुणाच्या शेतात पोचलं, गावागावात लिहून काढा. बोगद्याच्या सभेत ते कागद घेऊन उभे राहा. सोबत वाडीवरच्या कोळी बाईला घ्या, आणि पहिलं तिला बोलू द्या.

जय भीम.